कडी न लागणारी खोली : एका चावट कथेचं प्रकरण

कथा ११ पानांची होती. दुसऱ्या पानावर नायिकेचं नाव मोनिका, पाचव्यावर मोनाली, आणि शेवटच्या पानावर नायक तिच्या कानात नाव कुजबुजतो तेव्हा पुन्हा मोनिका. लेखकाच्या हे लक्षात आलं नव्हतं. पहिल्या वाचनात माझ्याही आलं नाही, आणि मी उभा जन्म मुद्रितं तपासण्यात घालवलाय.

सांगलीत विश्रामबागेत माझी एक खोली आहे. पूर्वी तिथे डीटीपी चालायचं. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, हंगामात दोन-तीन दिवाळी अंक. आता लोक हस्तलिखितं घेऊन येतात, 'जरा नजर टाका' म्हणतात. सगळ्यात जास्त कविता, त्याखालोखाल आत्मचरित्रं. चावट कथा कोणी उघडपणे आणत नाही, पण आणतात. पेनड्राइव्हमध्ये 'हिशेब' नावाचं फोल्डर असतं, त्यात. हा लेखक तसाच आला. मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात दिवाणजी, वय ३६. त्याचं नाव सांगायचं कारण नाही, यार्डातल्यासारखं मीही इथे दिवाणजीच म्हणतो.

"मित्राची आहे सर," तो म्हणाला. मित्रांच्या कथा मी पुष्कळ वाचल्यात.

तक्रार मात्र त्याची स्वतःची होती. तो कथा मोबाईलवर लिहितो आणि पाच-सहा ओळखीच्यांना पाठवतो. आधी ते लगेच वाचायचे. हल्ली 'मस्त' असं एका शब्दात उत्तर येतं, तेही दोन दिवसांनी. एकाने तर सरळ सांगितलं, तुझी एक वाचली की सगळ्या वाचल्यासारख्या. दिवाणजीला हे लागलं होतं.

"मी दर वेळी बाई बदलतो की," तो म्हणाला. "मागच्या वेळी शिक्षिका होती, त्याच्या आधी एअर होस्टेस."

वीज

मूळ खर्ड्यातला हा तुकडा, त्याच्या परवानगीने. जरा सभ्य जागेवर थांबवलाय.

'बाहेर धो धो पाऊस कोसळत होता. दारावरची बेल वाजली. दार उघडताच माझे भान हरपले. समोर मोनिका उभी होती. ओलेती साडी तिच्या कमनीय, मादक देहाला बिलगली होती. मी काही बोलणार इतक्यात वीज कडाडली आणि ती घाबरून माझ्या मिठीत शिरली. नको ना, ती लाजून म्हणाली. पण तिचे डोळे काही वेगळेच सांगत होते.'

असल्या मजकुरावर हसणं सोपं आहे, आणि हसून काही हाती लागत नाही. मी पेन्सिल घेऊन बसलो. तिच्या अंगाबद्दलच्या विशेषणांखाली रेघ मारत गेलो तर पानं काळी झाली. मग तिची वाक्यं मोजली. ११ पानांत ५. त्यातली 'इश्श', 'नको ना' आणि 'कोणी येईल ना' ही ३ तर वाक्यं म्हणावीत अशीही नाहीत. उरलेल्या दोनांत ती त्याच्या ताकदीचं कौतुक करते.

मग एक उद्योग केला. शिक्षिकेची कथाही त्याच फोल्डरमध्ये होती. तिच्यातला मधला परिच्छेद उचलून इकडे टाकला, इकडचा तिकडे. दोन्ही कथा पहिल्याइतक्याच बऱ्या-वाईट राहिल्या. बिजागरी कुठे करकरली नाही. शिक्षिका कोणता विषय शिकवते हे दोन्हीकडे नव्हतंच. मोनिका भर पावसात त्या दारात कशाला आली, हेही नव्हतं. तिच्या हातात पिशवी, छत्री, काही तरी असेल ना? नव्हतं.

दिवाणजीला मी विचारलं, "तुमच्या कथेत निर्णय कोण घेतं?"

"हिरो."

"कुठे? दार वाजलं म्हणून उघडलं, भान हरपलं, मिठीत आली म्हणून धरलं. त्याने काय ठरवलं? तिने तरी काय? अख्ख्या कथेत वेळेवर पाऊल उचलणारं एकच पात्र आहे, ती वीज."

तो हसला, मग गप्प झाला. मग म्हणाला, "वीज काढली तर ती मिठीत कशी येणार?"

प्रश्न चांगला होता. पुढचे तीन महिने आम्ही त्याच्याच मागे होतो.

त्याची बाजू मांडायला हवी, कारण ती अगदीच पोकळ नव्हती. त्याचं म्हणणं असं की 'मी' मुद्दाम रिकामा ठेवलाय. वाचणारा त्या जागी स्वतःला बसवतो. नायकाला टक्कल आहे, तो पंचायत समितीत कारकून आहे असं सांगितलं की वाचणारा बाहेर फेकला जातो. या प्रकारच्या लिखाणात हे काही अंशी खरं आहे, आणि साहित्याच्या वर्गात कोणी ते कबूल करत नाही म्हणून इथे करून टाकतो. पण एक पारडं रिकामं ठेवायचं तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काही तरी जड हवं. इथे दोन्ही पारडी रिकामी. काटा सरळ उभा, आणि दिवाणजीला वाटतंय की तोल साधला.

खरी आहे की

दुसऱ्या भेटीत मी कथेचा विषयच काढला नाही. चहा मागवला आणि हळदीबद्दल विचारलं. तो दहा-पंधरा मिनिटं न थांबता बोलला. सौद्याला ढीग लागतो तेव्हा खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग कसा बघतात. पूर्वी हरिपूरला जमिनीखालच्या पेवांत हळद कशी वर्षानुवर्षं राहायची आणि २००५ च्या पुराने ती पेवं कशी गेली. कॉलरच्या आतली पिवळी रेघ कुठल्याही साबणाने कशी जात नाही. आणि मग सहज म्हणाला:

"निवडायला बायका येतात ना सर, तोंडाला फडकं बांधून बसतात. त्यातल्या एकीनं संध्याकाळी फडकं सोडलं की कपाळापासून नाकापर्यंत पिवळी आणि खाली नुसती गोरी. हसली की ती रेघ हलती."

मी कप खाली ठेवला. "दिवाणजी, हे कथेत कुठाय?"

तो एवढा दचकला, जसं मी त्याच्या खिशात हात घातलाय. "ती खरी आहे की, सर!"

दुखणं तिथेच होतं. भाषा कमी नव्हती, निरीक्षणही कमी नव्हतं. जे जे त्याने डोळ्याने पाहिलं होतं ते ते कथेत यायला बंदी होती, कारण सांगलीत कोण कोणाला ओळखत नाही! म्हणून कथा मुंबईतल्या फ्लॅटमध्ये घडायची, जिथे तो आयुष्यात राहिला नव्हता. नायिका मोनिका, कारण यार्डात कोणी मोनिका नाही. फ्लॅटला बेल होती, बाल्कनी होती, स्वयंपाकघर नव्हतं. ओळख पुसायच्या नादात त्याने माणसंच पुसून टाकली होती. टोपणनावाने लिहूनही भीती गेलेली नव्हती, उलट नाव झाकलंय तर बाकीचंही झाकलेलं बरं, असं ते वाढत गेलं होतं.

दुसरी भीती कायद्याची. "आत टाकतील का?" हा प्रश्न तो दर भेटीत एकदा विचारायचा. अश्लील मजकुराचं जुनं २९२ कलम आता भारतीय न्याय संहितेत २९४ म्हणून आहे, आणि मोबाईलवरून पाठवण्याला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ कलम लागू शकतं, हे मी त्याला सांगितलं. त्याबरोबर एक जुनी मराठी गोष्टही सांगितली. १९६२ साली 'रंभा'च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची 'शामा' ही कथा आली आणि तिच्यावर खटला झाला. मॅजिस्ट्रेटनी सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी धरलं, १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. त्या निकालाचा सूर मला फार आवडतो. कथा उच्च दर्जाची नाही, अपरिपक्व आहे, अभिरुचीलाही सोडून असेल, पण तेवढ्याने ती कोणाला बिघडवत नाही. म्हणजे सुटलात, पण कथा काही खास नाही! लेखकाला निर्दोष सुटताना इतकी बोचरी समीक्षा क्वचितच मिळाली असेल. दिवाणजीने यातलं फक्त 'सुटले' एवढंच ऐकलं.

माझी चूक

आता मी काय केलं ते सांगतो, कारण पहिला सल्ला माझा होता आणि तो वाया गेला.

मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, नायिकेची कुंडली मांडा. वय, गाव, शिक्षण, घरात कोण कोण, कशाला घाबरते, काय आवडतं. लेखन शिकवणारे सगळे हेच सांगतात, मीही सांगितलं. पंधरा दिवसांनी तो दुसरा खर्डा घेऊन आला. आता ती मोनिका नव्हती, नायकाची घरमालकीण वैशाली होती, वय ४१, तासगावची. पहिली दोन पानं तिचा इतिहास. बापाने कर्ज काढून लग्न केलं, नवरा दारुडा निघाला, सासू छळायची, नवरा अपघातात गेला, तिला मोगरा आवडतो. तिसऱ्या पानावर पाऊस आणि वीज. चौथ्या पानापासून पुन्हा तोच कमनीय देह.

हा खर्डा पहिल्याहून वाईट होता. पहिल्यात निदान खोटं वजन नव्हतं. इथे दोन पानं तिची कीव करायची आणि मग त्याच कीव केलेल्या बाईकडे टक लावून बघायचं. वाचताना मलाच चोरट्यासारखं झालं. कुंडली भरून माहिती मिळाली, माणूस मिळाला नाही. मोगरा आवडतो हे कळून तिने पुढे एक तरी गोष्ट वेगळी केली का? मोगऱ्याऐवजी जाई लिहिली असती तरी चाललं असतं.

मला पुढचं सुचेना म्हणून मी कागद आक्काला दिले. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, मिरजेला एका मोठ्या दवाखान्यात ३० वर्षं नर्स होती. उघड्या अंगाचं तिला कौतुकही नाही आणि संकोचही नाही. दिवाणजीला आधी विचारलं, तो लाल झाला, पण 'बघू दे' म्हणाला. आक्काने चष्मा लावून दोन्ही खर्डे एका बैठकीत वाचले, मधे उठून कुकर बंद करून आली, आणि तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीवर दिवाणजीसमोर बसली.

"लेखक तूच का रे बाबा?"

"मित्र," तो म्हणाला.

"बरं, मित्राला विचार. हा माणूस तिला हाक काय मारतो?"

दिवाणजीने कागद चाळले. कुठेच नव्हतं. पहिल्या ओळीपासून 'तू'.

"भाडेकरू आहे म्हणतोस. घरमालकीण आहे. मग ताई म्हणत असेल, नाही तर काकू, वहिनी, बाई. एकदा ताई म्हटलं की पुढचं कसं व्हायचं? आणि अहोवरनं अगंवर कधी आला, ते कोण सांगणार? मराठीत माणसं जवळ येतात ती तिथंच येतात की. इथं तर मिठी आधी आणि ओळख नाहीच."

वर्षानुवर्षं भाषेवर पोट भरून माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं. आपल्याकडे पात्राची अर्धी जडणघडण संबोधनात होऊन जाते. 'तुम्ही'चा 'तू' झाला ही स्वतंत्र घटना असते, तिला वेळ असते, जागा असते, ती कोणी तरी आधी करतं आणि दुसऱ्याला ती खपते किंवा खपत नाही. ज्या कथेत पहिल्यापासून 'तू' आहे तिथे लेखकाने चढायचा जिनाच काढून टाकलाय.

आक्काचा दुसरा मुद्दा जास्त टोकदार होता. तिने 'नको ना' वर बोट ठेवलं.

"ही नको म्हणती आणि हा ऐकतच नाही. ह्यात चावट काय आहे? हे तर पोलीस ठाण्याचं झालं."

"तसं नव्हे आक्का," दिवाणजी कळवळून म्हणाला. मित्र आता पार विसरला होता. "ते लाजून म्हणती. तिचं मन असतंय."

"तिचं मन तुला कसं कळलं? तिनं कुठं सांगितलंय?"

"डोळे सांगतात असं लिहिलंय."

"डोळे तूच लिहिलेस."

रातांधळा पाहुणा

इथे मी मधे पडलो, आणि एक जुनी गाथा काढली. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली गाथासप्तशती आपल्याच भाषेच्या पूर्वजात, महाराष्ट्री प्राकृतात आहे, आणि तिच्यात चावटपणाला तोटा नाही. तिच्यातली एक बाई दारी मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सांगते, की सासू इथे झोपते, मी इथे. दिवसाउजेडी नीट बघून ठेव. तू पडलास रातांधळा, रात्री आमच्या अंथरुणावर येऊन पडू नकोस.

दिवाणजीच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "म्हणजे ये म्हणती!"

"हो. नवव्या शतकात काश्मीरच्या आनंदवर्धन या काव्यशास्त्रकाराने नेमकी हीच गाथा उदाहरणाला घेतली. शब्दांत मनाई, ध्वनीत, म्हणजे सुचवलेल्या अर्थात, बोलावणं."

"मग बघा!" तो आक्काकडे वळला. "इथं पण नको म्हणजे हो. माझं काय चुकलं?"

मी बोलणार होतो, पण आक्काच बोलली. "अरे, तिनं नकाशा काढून दिलाय त्याला. सासू कुठं, आपण कुठं. वर सापडलास तर सांगायला निमित्तही तयार ठेवलंय, रातांधळा आहे म्हणून. सगळी अक्कल तिची. तुझ्या त्या मोनिकेनं काय केलं? वीज पडली."

हिशेबाने बघा. त्या दोन ओळींत घर आहे, घरातली पहारेकरीण आहे, नवऱ्याचं नाव न घेता त्याचं नसणं आहे, अनोळखी पुरुष आहे आणि सगळ्यांच्या पुढे दोन पावलं असलेली एक बाई आहे. तिचा रंग, बांधा, केस, काही सांगितलेलं नाही. तरी ती डोळ्यापुढे उभी राहते, कारण ती काही तरी करते आहे, आणि पकडली गेली तर तिचं काही तरी जाणार आहे. तिला खरोखर 'नको' म्हणायचं असतं तर तिने नकाशा दिलाच नसता. ही वाट तिला मोकळी आहे म्हणून तिच्या आडवळणाच्या होकाराला किंमत आहे. मोनिकेला दुसरी वाटच नव्हती. तिने खणखणीत नकार दिला असता तरी पान ६ ते ११ ठरल्याप्रमाणेच पार पडली असती.

लावणीतही हेच दिसतं. शृंगारिक लावणीत बोलणारी बहुतेक वेळा बाई असते. रुसते, टोमणे मारते, अमुक आणून दे म्हणते, उशीर का केलास विचारते. आमच्याच जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्याचा पठ्ठे बापूराव झाला तो हा आवाज कानात भरून. दिवाणजीचे आजोबा तमाशाचे शौकीन, हे त्याने स्वतःच सांगितलं. म्हणजे कानावर पडलेलं होतं. लिहायला बसला की मात्र तो कुठल्या तरी भाषांतरित मासिकातल्या फ्लॅटमध्ये जाऊन बसायचा.

तिसरा खर्डा

तो सहा आठवड्यांनी आला. कथा आता सांगलीत होती, गावभागात, ऑगस्ट २०१९ च्या पुरात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे इथल्या पोराटोरांना पाठ असतं. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दिवाणजी तेव्हा स्वतः माडीवर अडकला होता, म्हणजे आता त्याला पाऊस उसना आणायची गरज नव्हती.

नायक गणपती पेठेतल्या दुकानात दिवाणजी. (ओळख लपवायची तर यार्डाचं पेठ केलं. मी काही बोललो नाही.) घरमालकीण शैला, वय ४१, खाली डब्यांची खानावळ चालवते. ती आणि एक म्हातारी आत्याबाई. तो दुकानातल्या वह्या वाचवायला प्लॅस्टिकच्या पोत्यात बांधून घरी आणतो, आणि पाणी जिन्यावर चढायला लागतं. आक्काच्या प्रश्नावर त्याने शोधलेलं उत्तर मला फार आवडलं. दोन वर्षं हा माणूस तिला हाकच मारत नाही. ताई म्हणायचं नाही आणि दुसरं सुचत नाही. भाडं द्यायला गेला की दाराची कडी वाजवून उभा राहतो.

दोन पानांचा इतिहास गेला होता. त्या जागी हे होतं. पाणी वाढतंय, शैला कागदपत्रांची पिशवी माडीवर नेते, रेशनकार्ड ओलं झालंय का बघायला उघडते, आणि त्याला दिसतं की त्यावरचं एक नाव निळ्या पेनाने खोडलंय. खोडताना जोर एवढा दिलाय की कागद फाटलाय. कथा पुढे जाते. नवऱ्याबद्दल एवढंच, पुन्हा कुठे नाही.

आणि मग हे:

'लाईट जाऊन दोन दिवस झाले होते. तिने माळ्यावरची कोळशाची इस्त्री काढली होती. रोजकीर्दीचं एकेक पान सुटं करून, वर धुवट धोतराचा तुकडा ठेवून ती इस्त्री फिरवत होती. मी पुढचं पान उचलायला गेलो.

"हात पुसा आधी. सगळं पिवळं केलंत."

मी हात पुसले. पंचाही पिवळा झाला. ती हसली नाही, पण इस्त्री थांबली.

"आत्याबाई मधल्या खोलीत झोपतात. त्यांना ऐकू कमी येतं, पण झोप सावध आहे." तिने इस्त्री पाटावर उभी केली. "माझ्या खोलीची कडी आतून लागत नाही. सुताराला सांगायचं राहिलंय."

"सकाळी मी बघतो," मी म्हणालो.

"सकाळी बघा."'

मी हे दोनदा वाचलं. 'बघा' मधलं आदरार्थी रूप त्याने मुद्दाम ठेवलं होतं, विचारल्यावर म्हणाला, "एवढ्यात तू कशी म्हणेल?" बाईला विशेषण एकही नाही. अंगाचा उल्लेख म्हणाल तर पिवळे हात. आणि पहिल्या खर्ड्यातल्या ओलेत्या साडीपेक्षा त्या खोलीत कितीतरी जास्त ऊब होती. कोळशाची म्हणा हवं तर. वीज नव्हती, दोन्ही अर्थांनी. कथेतली वीज काढली तर ती जवळ कशी येणार, या त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याने स्वतःच लिहून आणलं होतं. ती येते, कारण तिने ठरवलंय, आणि नाही आली तरी पुढची सकाळ उजाडणारच आहे, आत्याबाईंना चहा लागणारच आहे.

गाथेची सावली इथे पडली आहे हे उघड आहे. पण आत्याबाईंचं 'ऐकू कमी, झोप सावध' हे त्याच्या घरातलं होतं. हे मी त्याला विचारून घेतलं.

मी कागद आक्काकडे पाठवले. तिने परत पाठवताना कडेला पेनने एवढंच लिहिलं होतं, 'ही बाई दुसऱ्या दिवशी काय बोलेल ते मला सांगता येईल. आधीच्या दोघींचं येत नव्हतं.'

हा कोण?

खर्डा सगळा सुधारला असं समजू नका. पुढच्या खोलीचं दार लोटलं गेलं की पान ८ वर 'कमनीय' परत आला, पान ९ वर 'मादक'. दिवा मालवल्यावर शैला गेली आणि मोनिका आली. जुन्या सवयीचा हात अंधारात आपोआप जुन्या जागीच जातो. मी त्याला म्हटलं, दिवसा जिने इस्त्री फिरवली तीच बाई रात्री तिथे हवी. तिची बोटं भाजलेली असतील, तिला झोप आलेली असेल, ती मधेच 'आत्याबाई उठल्या का' म्हणून कान देईल. यातलं काही त्याने घेतलं, काही नाही. कान देण्याचा प्रसंग घेतला आणि तो चांगला साधला.

मोठी अडचण नायकाची. शैला इतकी भरीव झाल्यावर समोरचा रिकामा 'मी' फारच रिकामा दिसायला लागला. आक्का दुसऱ्यांदा खोलीवर आली तेव्हा तिचा एकच प्रश्न होता. "ही कळली. हा कोण?"

मला एक सुचलं, आणि अजूनही वाटतं ते बरोबर होतं. ती वह्या वाळवते आहे, म्हणजे वाचतेही आहे. एका शेतकऱ्याच्या पट्टीवरचं, म्हणजे विक्रीच्या पावतीवरचं वजन आणि खतावणीतलं, म्हणजे दुकानाच्या खातेवहीतलं वजन जुळत नाही, हे तिला दिसू दे. खानावळ चालवणारी बाई, तिला आकडे कळतात. फरक ज्या अक्षरात आहे ते अक्षर तिच्या भाडेकरूचं. ती काही बोलत नाही, पान इस्त्री करून गठ्ठ्यात ठेवते. आता 'कडी लागत नाही' म्हणणाऱ्या बाईला या माणसाबद्दल काही तरी माहीत आहे, आणि तरी ती म्हणते आहे. आणि त्याला माहीत नाही की तिला माहीत आहे. मग 'सकाळी बघा' मध्ये केवढं मावतं!

दिवाणजी ऐकत होता. ऐकता ऐकता त्याने चहाचा कप बशीत गोल फिरवला, चार-पाच वेळा.

"हे नको, सर."

"का?"

"शेठ वाचतील."

शेठ चावट कथा वाचतात का, असं विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं, पण त्याचा चेहरा बघून गिळलं. बाई खरी करायला त्याला तीन महिने लागले होते. बाईला वास्तवात आणणं एका परीने सोपं गेलं, कारण ती दुसरी कोणी होती. स्वतःच्या हातचं अक्षर कथेत ठेवायचं म्हणजे वेगळीच नग्नता, आणि तिच्यापुढे ओलेती साडी काहीच नाही. आक्काने जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "असू दे. वजन नको तर दुसरं काही तरी चोरू दे त्याला. पण कोरा नको ठेवू." आपण हात कोणाच्या पाठीवर ठेवतोय ते तिला कळत होतं.

कथा त्याने मित्रांना पाठवली की नाही मी विचारलं नाही. पेनड्राइव्हवरच्या 'हिशेब' फोल्डरमध्ये आता त्या कथेचे चार खर्डे आहेत, चौथ्यात नायकाच्या तोंडी अर्ध्या पानाचं एक वाक्य घालून पुन्हा खोडलंय.

दिवाळीच्या आधी, यार्डात गडबडीचे दिवस असताना, रात्री साडेदहाला त्याचा फोन आला. मागे आत्याबाईंसारखं कोणी तरी खोकत होतं.

"सर, एकच. दुसऱ्या दिवशी पाणी उतरतंय. त्यानं कडी बसवून द्यावी का, का तशीच ठेवावी?"

"मला काय विचारता," मी म्हटलं. "तिला विचारा."